हिराबाईंचा साहेब

आमच्या पनवेलच्या नाटकवाल्या ग्रुपचे किस्से म्हणजे न संपणारं प्रकरण! एक सांगून होत नाही तोवर दुसरा पुढे येतो. त्यातही नव्वदच्या सुमारास उरणकडच्या कोळीवाड्यात केलेल्या कामाचा विषय निघाला, की मी आजही थक्क होतो.

गावाच्या कडेने कंटेनरच्या गाड्यांसाठी रस्ता होणार होता. त्याला सलग भिंत. म्हणजे बायकांची होड्यांकडे जायची वाटच बंद! सांगून सांगून थकल्या, पण रस्त्याच्या कामावरच्या साहेबांचं एकच, "इथे कुणी येत-जात नाही!" म्हणून ठरलं, गावानेच फोटो काढायचे, गावानेच नाटक करायचं आणि साहेबांना बघायला बोलवायचं.

*

स्टुडिओवाल्या सलीमने आपला कॅमेरा मासळी विकणाऱ्या हिराबाईंच्या हातात दिला. रोल धुतला, तर एकाही फोटोत चेहरा नाही! टोपल्या घेऊन चाललेल्या बायकांच्या नुसत्या पाठी.

"या अल्ला! बाई, समोरून एक तरी काढायचा!"

"समोर कशी जाऊ? मी पन त्यांचे मागं चालले ना! माजे डोकीवर पन टोपली व्हती."

सलीमने तेच फोटो मोठे केले.

*

ते आम्ही बोंबील सुकवायच्या दोऱ्यांवर टांगले. एक म्हातारी एका फोटोसमोर उभी राहिली ती हलेचना. लुगडं तिचंच होतं.

"माजी पाठ इतकी वाकली? कोनी सांगितलाच नाय!"



*

नाटकात साहेब व्हायला एकही पुरुष तयार होईना. "गावात तोंड कसा दाखवू?" शेवटी हिराबाईच उभ्या राहिल्या. सलीमचा कोट, माझा चष्मा! तालमीत त्या "इथे कुणी येत-जात नाही" हे वाक्य इतक्या थंडपणे म्हणाल्या, की त्यांच्या सासूने अबोला धरला.

"आवो, ता नाटक हाय!"

"असूं दे. पन तू बोललीस कशी?"

*

प्रयोगाला साहेब खरंच आले. हिराबाई त्या वाक्यापाशी पोचल्या आणि थांबल्या. विसरल्या वाटून मी विंगेतून वाक्य पुरवलं. त्यांनी लक्षच दिलं नाही. कोट काढला, चष्मा काढला आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, ता माजे तोंडातून येत नाय. तुमीच बोला."

साहेब उठले. दोऱ्यांवरच्या फोटोंकडे बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "भिंतीत वाट ठेवू."

मागच्या बायकांतून आवाज आला, "मोठ्यानं बोला, सायेब! मागं ऐकू येत नाय!"