विहिरीला आडोसा

सौरपंप बसवणारी आमची चौघांची टोळी. कामाच्या नोंदी आम्ही मोबाईलवरच्या एका सामायिक फाइलमध्ये ठेवायचो: कुठली वायर कुठे जोडायची, कुठल्या शेताला कुठून वाट आहे. त्यातलं एक पान आमच्याच दुखण्याखुपण्याचं होतं, सोबत्याला माहीत असलेलं बरं म्हणून. एकाला दमा होता, एकाला मधमाशी चावली की सूज यायची. मी लिहिलं होतं, ‘विहिरीच्या काठावर मी जात नाही. लहानपणी आईला पडताना पाहिलंय.’

हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ठाऊक नव्हतं. आईचा पाय पाणी काढताना घसरला, ती बुडेपर्यंत हाका मारत राहिली आणि मी काठावर मुका उभा होतो. आबांना मात्र सांगितलं होतं, मी खाटेवर झोपलो होतो. ते खोटं मी जन्मभर सांभाळलं.

आणि साहेबांनी एक दिवस ती फाइल अख्ख्या कंपनीला उघडून दिली. ऑफिस, गोदाम, थेट खापर गावातल्या कंपनीच्या दुकानापर्यंत. मी तणतणत गेलो, तर म्हणतात, “अरे, फक्त बघायची परवानगी दिलीय. एक अक्षर कुणाला बदलता येणार नाही.” जणू मला बदलण्याचीच भीती होती! मी तिथल्या तिथे माझी ओळ पुसली. पण आमच्या भागात दुकानातला एक माणूस म्हणजे चार गावांचा भाचा आणि मेहुणा.

पुढच्याच आठवड्यात धानोऱ्याला गेलो. शेतात विहिरीकडच्या बाजूला दोन बांबू रोवून जुनी साडी ताणून बांधलेली. घरधनीण म्हणाली, “या भाऊ. हिरले आडोसा करेल शे.” मी पॅनलचं काम करत होतो, पण लक्ष तिकडेच. वारा नसतानाही साडी मध्येच आत ओढली जायची, पलीकडून कुणी पदर धरल्यासारखी. खाली पाणी डुबुक वाजलं. बेडूक असेल, म्हटलं, आणि स्क्रू हातातून पडला.

कोरीटला तर येणार म्हणून कळवलंही नव्हतं. तिथेही विहिरीपुढे ताडपत्री ताणलेली होती. बांधावरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या, आणि मी पाठ वळवली तशी पुन्हा कुजबुज सुरू झाली. कुणी टोमणा मारला असता तर भांडलो असतो. पण ही माणसं मायेने बघत होती आणि मला घाम फुटत होता. ज्या विहिरी मी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या, त्यांना माझं सगळं माहीत होतं असं वाटायचं.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आबा ओट्यावर बसलेले. खापरच्या दुकानात असलेल्या त्यांच्या पुतण्याने, मी पुसण्याआधीच वाचलेली माझी ओळ त्यांना सांगितली होती. चप्पल काढायचंही सुचेना.

“तू झोपेल नव्हता, हाई माले तवयच माहीत व्हतं,” ते म्हणाले. “मी उनू तवय तू काठवर उभा व्हता. तुले काही सुद नव्हती. मीच तुले उचलीसन खाटवर निजाडं.”

“मग बोलला का नाहीत, आबा?” मी विचारलं. “ती मला हाका मारत होती. मी ओरडलो असतो तर...”

आबा माझ्याकडे न बघता, अंगणाकडे बघत म्हणाले, “तुले नही रे. माले हाका मारी ऱ्हायंती. मी ऐकं. माले वाटनं, जेवाले बलाई ऱ्हायनी. म्हनीसन मी वखरनं तास बांधपर्यंत पुरं करं, आनि मंग उनू.”

मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांचा हात थंडगार होता, आणि तो मी सोडला नाही.