रेघेवाचून शियानगू

जिंगदेझेनमध्ये फंग उस्तादांच्या कारखान्यात चिनीमातीच्या भांड्यांवर चित्राची रेघ काढणारे पुरुष आणि रंग भरणाऱ्या बायका एकाच पडवीत बसत. पण रंगवालीनं रेघेच्या कुंचल्याला शिवायचं नाही, हा बापजाद्यांपासूनचा नियम. त्साओ लान्यूनं तो मुकाट्यानं पाळला. दुसऱ्यांच्या रेघांत निळा रंग सोडता सोडता तिचे केस पिकले.

त्या वसंतात डोंगरावरच्या ताओपंथी देवळातून चिनीमातीचे आठ पेले आले, पणज्यांच्याही आधीचे. प्रत्येकावर ताओपंथातल्या आठ चिरंजीवांपैकी एकेक. कुणाच्या पाठीला तलवार, कुणाच्या हातात भोपळा. आठांतली एकुलती बाई म्हणजे कमळवाली शियानगू, आणि फुटला होता नेमका तिचाच पेला. पुजाऱ्यांना त्याच्या जागी नवा हवा होता.

"ही मी काढते," लान्यू म्हणाली.

पडवीभर हशा पिकला. "मावशी, उतारवयात हे कसलं खूळ?" रेघवाला यू म्हणाला.

"तू काढतोस ती बाहुली असते. बाईचं तोंड असं असतं होय रे?"

"लान्यू!" उस्ताद कडाडले. "रेघेच्या कुंचल्याला हात लावलास तर या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही!"

काम गेलं तर खायचं काय, हे तिला कळत होतं. पण हट्ट म्हणजे हट्ट. तिनं आपलाच रंगाचा जाडा कुंचला पाण्यानं टच्च भरून घेतला आणि कच्च्या पेल्यावर एकही रेघ न ओढता शियानगू उभी केली. नुसता ओला निळा, कुठे दाट, कुठे फिका. कच्ची माती पाणी चटकन पिते. हात थबकला की डाग पडलाच. तिचा थबकला नाही.

उस्तादांनी पेला फिरवून फिरवून पाहिला. नियम कुठेच मोडला नव्हता. चडफडत त्यांनी तो, यूनं रेघांनी शियानगू काढलेल्या पेल्याशेजारी, भट्टीत लावू दिला.

भट्टी उघडली तेव्हा पुजारी हजर होते. त्यांनी दोन्ही पेले जुन्या सातांत ठेवून पाहिले. "ही यांच्यातली वाटत नाही," असं म्हणून लान्यूचा बाजूला सारला आणि यूचा घेऊन गेले. लान्यूला रडूच फुटलं. यू फिदीफिदी हसला, तसे तिनं डोळे पुसले.

"हस मेल्या. उद्या पुन्हा काढीन."

उस्ताद तिचा पेला हातात धरून बसले होते. "जन्मभर शियानगू काढली मी," ते हळूच म्हणाले. "माझी नुसती उभी राहायची. ही चाललीय बघ."

मग त्यांनी फळीवरचे सात कच्चे पेले उतरवून तिच्यापुढे मांडले. "बाकीचे सातही कर. आणि यू, दात काय काढतोस? रंग घोट तिच्यासाठी."