रंग बसत नाही

गोधडी शिवणं सोपं, मांडणं अवघड. धावदोरा कुणीही घालील, पण कुठल्या चिंधीशेजारी कुठली ठेवायची हे ज्याला त्याला कळत नाही. आमच्या गल्लीत ते मला कळतं असं सगळ्या म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटतं. अंबडपासून थोडं आत आमचं गाव. इथं कुणाच्या घरी गोधडी घालायची ठरली की मला बोलावणं येतं. जुनी साडी अंथरायची, तिच्यावर तुकडे मांडायचे, मग उठून लांबून बघायचं. गडदाशेजारी फिकं, फुलाफुलांच्या शेजारी साधं. एका साडीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. चारी बाजूंनी काठाची पट्टी. बाळाची गोधडी असेल तर मधल्या तुकड्याला मऊपणा आधी बघायचा, रंग नंतर, कारण अंग तिथंच टेकतं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याची गोधडी घालत नाहीत, म्हणून बारशाच्या आत ती पुरी करायची घाई होती. मी ओसरीत मांडायला बसले. मधोमध माझी फिकट निळी सुती साडी ठेवली. नवरा गेल्यापासून तीन वर्षं मी ती नेसत होते, धुऊन धुऊन ती अगदी लोण्यासारखी झाली होती. तिच्या भोवती नवऱ्याच्या धोतराचे पांढरे तुकडे, मग लेकीचा पिवळा पंजाबी ड्रेस, माझ्या मुलाचा चौकड्यांचा शर्ट. उभी राहून बघितलं. छान जमलं होतं.

तेवढ्यात बदनापूरहून विहीणबाई बाळाला बघायला आल्या. बाई वाईट नाही. येताना डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. मांडणीपाशी थांबल्या, वाकल्या, आणि माझा निळा तुकडा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.

"विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "पर पहिलंवहिलं लेकरू हाय. तुमच्या अंगावरचं मधी नको." आणि पिशवीतून एक लालभडक ब्लाऊजपीस काढलं. "हे ठिवा. सवाष्णीच्या ओटीतलं हाय."

ओटीतलं ब्लाऊजपीस म्हणजे काय असतं ते सगळ्या बायकांना ठाऊक आहे. ते कुणी शिवत नाही. या घरच्या ओटीतून त्या घरच्या ओटीत वर्षानुवर्षं फिरत राहतं. कागदासारखं कडक. मी एक कोपरा पाण्यात बुडवला आणि धोतराच्या तुकड्यावर घासला. लाल डाग उमटला.

"बघा, रंग सुटून राह्यला. लेकराच्या अंगाला लागंल."

"मंग धुऊन घ्या की," म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याचं धोतर त्यांनी हातानं नीट केलं होतं, सुरकुती काढली होती. मेलेल्या माणसाचं धोतर चाललं, जिवंत बाईची साडी चालली नाही! मी लेकीकडे बघितलं. ती बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, जाऊ दे ना. बारशापुरतं." आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं की तीन वर्षांत मला एकाही बाळाची गोधडी मांडायला कुणी बोलावलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या तेवढ्या मांडल्या होत्या. आपल्याला मान आहे असं समजून मी गावभर मिरवत होते, वेडी कुठली.

मी तडक शेजारी थोरल्या जावेकडे गेले. अक्का बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या. माझ्या लेकीला माझ्याइतकंच त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं ओकले. बायकाच बायकांच्या वैरी, शिकल्यासवरल्या पोरीही गप्प बसतात, काय काय बोलले. अक्का खडे काढत ऐकत होत्या.

"तुझ्या लेकीच्या टायमाला म्या लुगडं फाडून आणल्तं," त्या म्हणाल्या. "राखाडी. तू उचलून बाजूला ठिवलं."

मला आठवलं. लख्ख आठवलं. सासूनं काही म्हटलंही नव्हतं. मीच उचललं होतं, आणि म्हटलं होतं, अक्का, रंग बसंना.

"रंग बराबर बसत व्हता," अक्का म्हणाल्या. "मला बी कळतो रंग."

विहीणबाईंनी निदान तोंडावर कारण सांगितलं. मी माझ्या कसबामागं लपले. माझ्या नजरेवर कुणी बोट ठेवत नव्हतं, म्हणून ते खपून गेलं. इतका वेळ दुसऱ्यांवर धावणारा राग माझ्यावर आला आणि मला स्वतःचीच चीड आली.

"अक्का, आत्ता द्या एक तुकडा," मी म्हणाले. "मधोमध लावते."

"न्हाई. आज तुझं काढलं म्हणून माझं आठवलं तुला. तुझ्या भांडणात माझं लुगडं नको." त्यांनी सूप पुढं ओढलं आणि पुन्हा निवडायला लागल्या.

मी घरी आले. लाल ब्लाऊजपीस विहीणबाईंच्या पिशवीत कोंबलं, निळा तुकडा मधोमध ठेवला आणि त्यांच्यादेखत शिवायला बसले. दोरा इतका खेचत होते की दोनदा तुटला. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच त्या म्हणाल्या.

बारशाला बाळाला नव्या गोधडीवर निजवलं. अशा वेळी आई एकेका तुकड्यावर बोट ठेवून तो कुणाचा ते बाळाला सांगते, ही आमच्याकडची रीत. आम्ही दोघी विधवा दाराशी उभ्या होतो. लेक सांगत होती, हे आजोबांचं धोतर, हा मामाचा शर्ट, ही आजीची साडी. विहीणबाईंच्या समोर तिनं ते मोठ्यानं सांगितलं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. शेजारी अक्का मान थोडी पुढं काढून ऐकत होत्या. लेकीच्या बारशालाही त्या अशाच इथं उभ्या होत्या, आणि मी एकेक तुकडा सांगत गेले होते, शेवटचा संपेपर्यंत.