जाड तारेची गिटार

भद्रावतीहून आत गेलं की मोठ्या तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाला लागून, मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला लागतो. त्या मोहल्ल्यात वारलूचा अंगठा मानलेला होता. जाळं विणायला कोणी बाजारातून सूत आणलं की ते आधी वारलूच्या हातात जायचं. तो ते बोटाला गुंडाळून ताणायचा, अंगठ्यानं खेचून पाहायचा आणि निकाल द्यायचा. हे कतल्यासारख्या मोठ्या माशाला टिकेल, हे झिंग्यापुरतं, आणि हे बाप्पा, परत देऊन ये, दुकानदारानं तुला बनवलं. त्याचा निकाल कधी चुकत नसे. चुकला तो एकदाच, आणि असा चुकला की अजून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

वारलू आणि सुगंधाबाईला एकुलता एक पोरगा, पियुष. लग्न जुळवताना थोरल्यांनी सोयरीक पाहिली, कूळ पाहिलं, पोरगी जाळं विणते का तेही पाहिलं. रक्त कोण पाहतो? दोघांच्याही रक्तात सिकलसेलचा अर्धा-अर्धा दोष होता. दोघंही आयुष्यभर धडधाकट. पण दोन अर्धे पोरात येऊन एक झाले. थोडी थंडी लागली, अंग भिजलं, की पियुषची हाडं आतून ठणकायची. लहानपणी तो मांडी उराशी धरून रडायचा, मोठा झाल्यावर ओठ दाबून पडून राहायचा. डॉक्टरीणबाईंनी सुगंधाबाईला बसवून सांगितलं होतं, याला थंड पाण्यात उतरू देऊ नका. ढिवराच्या घरात येऊन असं सांगणं म्हणजे वाण्याच्या पोराला तराजूला हात लावू नको म्हणण्यासारखंच. पण त्यांची काय चूक? त्यांनी बरोबरच सांगितलं.

मग पियुष पाळीवर बसायचा. बाप कमरेइतक्या पाण्यात, चुलतभाऊ पाण्यात, बरोबरीची पोरं पाण्यात, आणि हा काठावर चपला घालून. मोहल्ल्यातली पोरं काही देवमाणसं नव्हती. ढिवराचं पोरगं आन् पाय कोरडे, असं म्हणून ती त्याला चिडवत. वारलूला ते ऐकू यायचं. पाण्यात उभ्या उभ्या त्याचा जीव तिळतिळ तुटायचा, पण माणूस कोणाकोणाशी भांडणार?

पियुषचा गळा मात्र गोड होता. पाळीवर बसून तो गुणगुणायचा, मोबाईलवर गिटार वाजवणारे पाहायचा. दहावी पास झाला तेव्हा त्यानं पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं. त्याला गिटार पाहिजे होती. घरी बसून वाजवीन, वाजवता वाजवता गाईन, कुठं पाण्यात जायचं काम नाही, असं तो म्हणाला. सुगंधाबाईला ते फार पटलं. पोरगं घरात राहील, उबेत राहील, आणि त्याच्या हाताला काम राहील. तिला आणखी काय पाहिजे होतं?

वारलू एकटाच चंद्रपूरला गेला. पोराला चकित करायचं होतं ना! दुकानात भिंतीवर गिटारींची रांग टांगलेली होती. दुकानदार एका बँडवाल्याशी हुज्जत घालण्यात गुंतलेला. वारलूनं आपल्या सवयीप्रमाणं पहिल्या गिटारीच्या तारेखाली अंगठा घातला आणि हलकेच खेचली. बारीक, केसासारखी तार. त्याचं तोंड वाकडं झालं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, सगळ्या तशाच. हे तर झिंग्याचं जाळं झालं, असं तो मनाशी म्हणाला, माझं पोरगं दोन दिवसांत तोडून ठेवील आणि मग पुन्हा हिरमुसून पाळीवर बसेल. तेवढ्यात कोपऱ्यात त्याला एक लांब मानेची गिटार दिसली. कोणीतरी वापरून परत विकलेली, रंग थोडा उडालेला, म्हणून स्वस्तात काढायला ठेवलेली. तिला चारच तारा, पण काय तारा! जाडजूड, पीळ घातलेल्या. अंगठा लावला तर जागच्या हलेनात. मरळ अडकली तरी सुटणार नाही, असा माल. वारलूची छाती फुगली. एवढ्या भावात एवढी मजबूत गिटार इथल्या कोणाला कळलीच नाही, याचं त्याला मनातून हसूही आलं. त्यानं ती घेतली, पोत्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला.

घरी पियुषनं पोतं सोडलं आणि तो नुसता बघत राहिला. सुगंधाबाई म्हणाली, अरे वाजव ना. तेव्हा त्यानं हळूच सांगितलं, "बाबा, ही बेस गिटार हाये. हिच्यावर गानं नाई निघत. ही एकट्यानं वाजवाची नोहे, दुसऱ्यायच्या गान्याच्या खालून वाजवा लागते."

वारलूचा चेहरा खर्रकन उतरला. उद्याच वापस करून येतो म्हणून तो पोतं गुंडाळायला लागला. पियुषनं बापाकडे पाहिलं, बापाच्या त्या प्रसिद्ध अंगठ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असणार, कारण तो हसला.

"राहू दे बाबा," तो म्हणाला. "तार मजबूत हाये."

असं पोरगं होतं ते.

बेस गिटारीला स्पीकर लागतो, आणि यांच्या घरी तो नव्हता. स्पीकरशिवाय तिचा आवाज डास गुणगुणल्याइतका. पियुषनं युक्ती काढली. तो गिटारीच्या लाकडावर हनुवटी टेकवायचा, तार छेडायचा, आणि आवाज हाडातून थेट कानात जायचा. ज्या हाडांनी त्याला जन्मभर छळलं तीच हाडं त्याच्या कामी आली. मोबाईलवर बघून बघून तो शिकला. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. सुगंधाबाई हळद लावून द्यायची आणि ओरडायचीही. गाणं मात्र हळूहळू सुटलं. खालून वाजवणाऱ्याला वरून गायला सवड नसते.

मग बल्लारपूरच्या देवानंदनं त्याला ऐकलं. देवानंदचा लग्नाबिग्नात गाण्याचा ग्रुप होता. ऑर्गन होतं, ढोलक होती, ऑक्टोपॅड होतं, गायला रीता नावाची पोरगी होती. बेस वाजवणारा मात्र त्याला मिळत नव्हता. सगळ्या पोरांना पुढे उभं राहायचं असतं, मागं उभं राहणारा आणायचा कुठून? पियुषला त्यानं उचललंच. माणूस भला होता देवानंद, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पोराला तो गाडीत मधल्या सीटवर बसवायचा, पाण्याची बाटली हातात द्यायचा.

पहिल्या कार्यक्रमाला वारलू आणि सुगंधाबाई दोघंही गेली. बल्लारपूरचं लग्न होतं. पियुष मागे, दिव्याच्या थोडा बाहेर, मान खाली घालून उभा. रीता गात होती, ऑर्गनवाला मान उडवत होता. वारलूनं कान टवकारले, पण आपला पोरगा त्याला ऐकूच येईना. हा वाजवते का नुसता उभा हाये, असं त्यानं बायकोला विचारलंसुद्धा. तेवढ्यात पियुषची वायर निसटली. तो वाकून ती लावत होता तेवढा वेळ गाणं चालूच होतं, पण त्यातलं काहीतरी गेलं. सगळे सूर हवेत उडाल्यासारखे झाले. वायर लागली आणि गाणं पुन्हा जमिनीवर आलं. वारलूला लख्ख कळलं. फेकायच्या जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात. ते कोणाला दिसत नाहीत, पण ते नसले तर जाळं पाण्यावर पालापाचोळ्यासारखं तरंगतं. माझा पोरगा शिशाचा मणी आहे. एसटीत त्यानं हे सुगंधाबाईला दोनदा समजावून सांगितलं आणि घरी आल्यावर मोहल्ल्याला सांगितलं. ज्या मोहल्ल्यानं कोरड्या पायांना हसून घेतलं होतं, त्यालाच.

त्यानंतर वारलू पाण्यात उभा राहिला तरी त्याची मान ताठ असायची. कोणी विचारलं पियुष कुठी हाये, तर तो मुद्दाम मोठ्यानं सांगायचा, कार्यक्रमाले गेला, त्याच्याशिवाय भागत नाई तिथी. हेच वाक्य पुढे त्याच्या नरड्यात अडकलं.

थंडीचे दिवस होते. एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावात मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा, कार्यक्रम ठरला होता. जंगलातलं गाव, उघडं मैदान. आदल्या दिवसापासून पियुष जरा गप्प होता. जेवताना त्यानं डावा हात मांडीखाली दाबून धरला होता. बापांना अशा गोष्टी दिसत नाहीत, मायला दिसतात. सुगंधाबाईनं नवऱ्याला परसात नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "त्याले दुखून राह्यलं. माह्यं तो आयकत नाई. तुमी नाई म्हना."

वारलूनं आत जाऊन पोराकडे पाहिलं. पियुष गिटार पुसत होता. दुखते का रे, बापानं विचारलं. नाई, पोरगा म्हणाला. खोटं बोलतोय हे न कळण्याइतका वारलू भोळा नव्हता. पण त्याला ते लग्न आठवलं, निसटलेली वायर आठवली. तो परसात आला आणि बायकोला म्हणाला, "कसा नाई म्हनू? त्याच्याशिवाय भागत नाई त्यायचं."

सुगंधाबाईनं मग दोन स्वेटर घातले पोराला. वारलूनं स्वतः गिटार खांद्यावर घेऊन त्याला फाट्यापर्यंत सोडलं. आता काय बोलावं! एक नाही म्हणायला तोंड जड झालं.

पियुषनं पूर्ण कार्यक्रम वाजवला. शेवटच्या गाण्यानंतर तो गिटारीवरच ओणवा झाला. सगळ्यांना वाटलं, हनुवटी टेकवून ऐकतोय. त्याची ती सवय ग्रुपला माहीत होती ना. जवळ जाऊन बघितलं तर त्याला श्वास घेता येईना, दुखणं छातीत शिरलं होतं. देवानंदनं त्याला तसंच गाडीत घातलं, रीतानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पण जंगलातला रस्ता तुमच्या-माझ्या घाईनं लहान होत नाही. गडचिरोलीचे दिवे दिसायच्या आतच पोरगा गेला.

मोहल्ल्याची एक रीत आहे. ढिवर गेला की त्याच्या जाळ्याचा एक तुकडा कापायचा आणि त्याच्या उशाशी ठेवायचा, म्हणजे पलीकडे तो उपाशी राहत नाही. पियुषचं तर जाळंच नव्हतं. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, गिटारीची तार ठेवा. वारलूनं जाळं कापायचा चाकू घेतला आणि सगळ्यात जाड तारेवर चालवला. नायलॉन लोण्यासारखं कापणारा चाकू तारेवरून नुसता घसरत होता. वारलू कापत राहिला. बोट कापलं, रक्त लाकडावर सांडलं, तरी तो कापत राहिला, आणि तार तुटेना. अंगणभर माणसं खाली माना घालून उभी होती. शेवटी सुगंधाबाई उठली. पोरगा मानेवरची खुंटी कशी पिळतो हे तिनं रोज पाहिलं होतं. तिनं खुंटी उलटी फिरवत फिरवत तार ढिली केली, काढली, गुंडाळी करून पोराच्या उशाशी ठेवली आणि तिथंच बसून राहिली.

तेरवी झाली. देवानंद येऊन रडून गेला. गिटार तीन तारांनिशी जाळ्याच्या खुंटीला टांगलेली राहिली. एके दिवशी दोघं सूत सोडवत बसले होते, तेव्हा वारलूच्या तोंडून निघून गेलं, "मी बारीक तारेची आनली असती, तं तो घरीच वाजवत बसला असता."

आजूबाजूच्या बायका अशा वेळी समजूत घालतात. नशीब म्हणतात, देवाची मर्जी म्हणतात. सुगंधाबाईनं तसं काही केलं नाही. हातातली गाठ सोडवली आणि म्हणाली, "हो. बसला असता."

त्यानंतर वारलूनं एकच गोष्ट धरून ठेवली. बारीक तार टिकलीच नसती. ती तुटली असती, पोरगं हिरमुसलं असतं, पुन्हा पाळीवर जाऊन बसलं असतं. माझा अंगठा चुकला नव्हता. हे तो स्वतःला रोज सांगायचा, पाण्यात उभ्या उभ्या ओठ हलवत, आणि त्यावर कसातरी दिवस काढायचा.

पुढच्या पावसाळ्याआधी जाळ्याचं सूत आणायला तो चंद्रपूरला गेला. पाय त्याच दुकानापाशी थांबले. आत भिंतीवर तशीच रांग होती. वारलूनं पहिल्या गिटारीच्या सगळ्यात बारीक तारेखाली अंगठा घातला आणि हलकेच खेचली. मग जरा जोरानं खेचली. मग डोळे मिटले आणि मोठ्या जाळ्याचं सूत पारखतात तशी, सगळी ताकद लावून खेचली. तार अंगठ्याच्या मांसात रुतली, रक्ताची बारीक रेघ उमटली. तार तुटली नाही. त्यानं आणखी खेचली. ती तुटलीच नाही.

दुकानदार धावत आला, काका, काय पाहिजे, असं विचारू लागला.

"काई नाई," वारलू म्हणाला. "पाहून राह्यलो."

अंगठा मुठीत धरून तो बाहेर पडला. सूत न घेताच एसटीत बसला. घरी सुगंधाबाईनं अंगठा पाहिला आणि काऊन कापला म्हणून विचारलं. त्यानं तिला सांगितलं, सुतानं.