चुकून न लागलेला फोन

“चप्पल बाहेर. आणि तिथंच उभी राहा.”

धारवाडात केलगेरीच्या बाजूला एका वकिलाचा बंगला. त्याची आई मला म्हणाली. आमचे डॉक्टरसाहेब आत सोफ्यावर, वकिलाशेजारी. त्यांना कपबशीत चहा, मला उंबऱ्याबाहेर कागदी कपात. आडनाव तिनं आधीच विचारून घेतलं होतं.

“तुमच्यातल्यांना असलीच कामं बरी जमतात.”

साहेब बशीत बघत राहिले.

मी हुबळीच्या सरकारी दवाखान्यात, गुप्तरोग विभागात समुपदेशक आहे. रोग्याला समजावायचं मी. त्याच्या जोडीदाराला फोन करायचा मी. नाही आला तर घर शोधत जायचं, तेही मीच. समुपदेशकाची दुसरी जागा कधीची रिकामी पडली आहे. लोक खोटे नंबर देतात. खरा लागला तर आईबहिणीवरून शिव्या. आणि रोग कुणाला झालाय, ते नाव तोंडातून काढायचं नाही. साहेबांचं एकच, “सांभाळून घे.” किती सांभाळू?

हा वकील आमच्याकडेच रोगाच्या सुया टोचून घेऊन गेला. बायको गरोदर. पोटातलं मूल दगावू शकतं, हे मी त्याला समोर बसवून सांगितलं होतं. आणतो, आणतो म्हणाला आणि माझा फोन घेईनासा झाला. शेवटी मी तिलाच फोन केला. तपासणीला या, एवढंच म्हटलं. सासूनं त्या नंबरवर उलटा फोन लावला. सगळ्या मजल्याला आमचा फोन एकच. शिपायानं उचलला आणि सवयीनं विभागाचं नाव सांगून टाकलं.

झालं. सून बदफैली ठरली. नवरा गप्प. घरात गप्प, पण साहेबांना मात्र त्यानं तक्रारीचा फोन केला. येताना गाडीत साहेब मला म्हणाले, “फोन चुकून लागला म्हण. सॉरी म्हण. मुगीतु, विषय संपला.”

स्वयंपाकघराच्या दाराशी सून उभी होती. डोळे सुजलेले, हात पोटावर.

अप्पा रेल्वेत हमाली करायचे. कमरीपेठेतल्या खोलीत मला म्हणायचे, शीक, म्हणजे कुणी दाराबाहेर उभं ठेवणार नाही. मी एम.ए. झाले. आणि दाराबाहेरच उभी होते. अंगाची आग झाली.

चहा तसाच खाली ठेवला. मी तिच्याकडे बघून बोलले.

“अक्का, फोन चुकून नव्हता लागला. गरोदर बाईचं रक्त यासाठी तपासतातच. नवऱ्याचंही तपासतात. यात बाईला नावं ठेवायचं काही कारण नाही. उद्या या.”

सासूनं पहिल्यांदाच लेकाकडे पाहिलं. तो मोबाईल चाळायला लागला.

साहेबांनी मला परतताना गाडीत घेतलं नाही. मी बसनं आले.

दुसऱ्या दिवशी ती आली. नवऱ्याबरोबर नाही, माहेरच्या थोरल्या भावाला, अण्णाला घेऊन. रक्तात रोग निघाला. पहिली सुई घेताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मूल नीट होईल का, विचारलं. वेळेत आलात, म्हटलं. त्यापुढचं मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. लेखी माफी दे, नाहीतर बदली करून अळणावरला पाठवतो.

मी म्हटलं, “अळणावरातही बायका आहेत, साहेब. तिथल्या दारांत मी जाईन. त्या बंगल्यातही पुन्हा जाईन, तिच्या पुढच्या सुईसाठी. माफी मागायला मात्र तुमचे तुम्ही जा.”