दोन चमचे टॉनी आणि दाण्याची आमटी

नगरला आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि मी तिला कोपरगावला माझ्या घरी आणलं, तेव्हापासून ती जेवतच नव्हती. घास तोंडात घेतला की म्हणायची, "लोखंड चाटल्यावानी लागतंय." दूध, मऊ भात, पेज, सगळ्याला तीच चव. मी शाळेत शिकवायचे. घरी आले की आधी तिच्या ताटाकडे बघायचे. ताट झाकलेलंच असायचं.

डॉक्टर म्हणाले, "जेवणाआधी दोन चमचे पोर्ट वाइन देऊन बघा. भूक लागली तर लागली." त्यांनाही फारशी आशा नव्हती, हे आवाजावरून कळलं.

शेजारी एक निवृत्त फौजी राहायचे. गल्ली त्यांना मेजर म्हणायची. त्यांची सगळी नोकरी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये गेली होती. निवृत्त होताना एका साहेबांनी दिलेली बाटली त्यांनी कधी उघडली नव्हती, ती ते घेऊन आले. "ही टॉनी," ते म्हणाले. "लाल पोर्ट लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरली की अशी तपकिरी होते. साहेब लोक अक्रोडाबरोबर घ्यायचे. गोड लागते, पण हिच्यात वरून कडक दारू घातलेली असते. जपून."

आईनं बाटली बघितली आणि तोंड फिरवलं. आम्ही बौद्ध. ती रोज सकाळी पंचशील म्हणायची. वस्तीतला दारूचा गुत्ता बंद पाडायला बायका गोळा करणारी तीच होती.

"पाचवं शील तोंडानं म्हनायचं आन् हे प्यायचं व्हय?"

"औषध आहे, आई."

"पिनारे समदे औषीदच म्हनत्यात."

मी तिच्या खाटेशी बसून रडले. ती आजारी पडल्यापासून तिच्यासमोर मी रडले नव्हते. शेवटी ती म्हणाली, "एकडाव घेईन. त्यानं जेवान गेलं न्हाई, तर पुन्यांदा इचारू नको."

एकच संधी होती. या वाइनबरोबर कशाची चव जुळेल, काय करून वाढावं, मला सुचेना. रविवारी दुपारी ती झोपल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि बाटली उघडली. मीही कधी थेंब घेतला नव्हता. वाटीत ओतली तर पातळ काकवीसारखी दिसली. वास जळक्या साखरेचा, मनुकांचा, जुन्या लाकडाचा. पहिल्या घोटाला घशात आग झाली. मग मागे राहिली ती चव भाजलेल्या दाण्यांसारखी होती.

घरात होतं नव्हतं ते मी एकेक करून तिच्याबरोबर खाल्लं. बुंदीच्या लाडवानंतर ती आंबट, पाणचट लागली. लसणीच्या चटणीनं घसा दुप्पट पेटला. ताक तर नकोच. पिठल्यापुढे तिची चवच लागेना. मग मीठ लावलेले भाजके दाणे चावले आणि वर घोट घेतला, तेव्हा दोन्ही चवी एकमेकींत मिसळल्या. पण आईला दाणे चावता येणार नव्हते. माझं डोकं गरगरत होतं. तशातच मी दाणे भाजले, सालं काढून वाटले आणि तिखट न घालता तूप-जिऱ्यावर आमटी केली. सोबत मऊ भगर.

संध्याकाळी आईनं डोळे मिटून दोन चमचे घेतले. शहारली. मी लगेच आमटी-भगर भरवली. तिनं तोंडात घोळवली, गिळली.

"लोखंड लागतंय?"

"लागतंय. पर कमी."

पाच-सहा घास गेले. त्या रात्री मी मेजरांच्या दारात जाऊन म्हटलं, "जेवली."

पुढं ती स्वतःहून चमचा मागायची. पंधरा-वीस दिवस असे गेले. मग उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी वाइन बंद करायला सांगितली, आणि खाण्याचं बाकी पथ्य आता पाळायची गरज नाही, असंही सांगितलं. तरी मी रोज आमटी करत राहिले. ती खात नव्हती. मी वाटी तिच्याजवळ ठेवायचे आणि गार झाली की उचलायचे.

एका सकाळी तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "दाने करपलेत बग."

करपले होते खरे. तिला वास आला, या आनंदात मी पुन्हा दाणे भाजायला धावले. दुसरी आमटी होईपर्यंत तिला गाढ झोप लागली होती. त्या झोपेतून ती उठली नाही.