हायड्रोजनवरचा तीन राहिला

मित्रांनो, आज सेलूत माझ्या अकरावीच्या वर्गात एक मुलगी येऊन बसली. यात काय विशेष, असं वाटेल. पटावर नावं भरपूर आहेत, पण सगळी पोरं लातूर-नांदेडच्या क्लासला. मी रोज घंटा होईपर्यंत रिकाम्या बाकांसमोर बसतो.

आज उत्साहाने रासायनिक समतोल घेतला. नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन, अमोनिया दोन. समीकरण जुळवलं आणि खाली समतोल स्थिरांकाचं सूत्र लिहिलं.

"सर, हायड्रोजनवर तीनचा घात राहिला न्हाई का?" ती म्हणाली.

खरंच राहिला होता. लाज वाटायच्या ऐवजी मला आनंदच झाला. किती दिवसांनी कोणीतरी माझ्या फळ्याकडे बघत होतं!

"बरोबर, बाळा. समीकरणातला आकडा इथे घात का होतो, ते सांगतो."

तेवढ्यात शिपाईमामा दारात आले. "क्लार्क आलेत. टीसी घेऊन जा."

ती उठली. "सर, टीसीसाठीच आले व्हते. मी बी लातूरलाच जायलेय."

"जा बाळा, नीट अभ्यास कर."

ती गेल्यावर मी तीनचा घात लिहिला आणि तो का येतो, हे बाकांनाच मोठ्याने समजावून सांगितलं.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात आज कोणी होतं का?